ब्याण्णव टक्के कुठल्या शाळेचे?

दहावीचा निकाल लागतो आणि अकरावीच्या याद्यांमध्ये दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवरून मुलांची वाट ठरते. ९१.४० ला हवं ते कॉलेज मिळतं, ९१.२० ला मिळत नाही. इतक्या बारीक फरकावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं पुढचं ठरवायचं असेल, तर निदान दोघांचे गुण एकाच मापाने मोजलेले असायला हवेत. ते तसे मोजलेले नसतात. शिक्षकांना हे माहीत आहे, मुख्याध्यापकांना माहीत आहे, परीक्षा मंडळालाही माहीत आहे. तरीही दर जूनमध्ये आपण सगळे त्या यादीपुढे मान तुकवतो.

मी एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे आजूबाजूच्या अनेक गावांतल्या, वेगवेगळ्या शाळांमधली मुलं येतात. अकरावीच्या सुरुवातीला मी मुद्दाम एक दहावीचाच प्रयोग करून घेते: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचं. भिंग हातात धरायचं, खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्यायची आणि भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. बस, एवढंच. एका वर्षी शेजारी शेजारी उभ्या दोन मुलींना विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात दहावीला जवळपास सारखेच, म्हणजे पैकीच्या पैकी म्हणावेत इतके गुण होते. एकीने कागद मागे-पुढे करत मिनिटभरात प्रतिमा स्पष्ट केली आणि तीन वाचनं घेतली. दुसरीच्या कागदावर झाड उलटं उमटलं तेव्हा ती दचकून मागे सरली. उलटी प्रतिमा मिळते हे तिने दहावीच्या उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, आकृतीही काढली होती. प्रयोगवहीत १०.१, १०.२, १०.१ सेंटिमीटर अशी वाचनं नीट रकान्यात मांडलेली होती, फळ्यावरून उतरवलेली. भिंग मात्र तिने पहिल्यांदाच हातात घेतलं होतं.

त्या मुलीचा यात काडीचाही दोष नाही. तिच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं. शाळेने तिला गुण कमी दिले असते तर ज्या गोष्टीची संधीच मिळाली नाही त्याची शिक्षा तिला झाली असती. आणि पूर्ण गुण दिले, म्हणून त्या गुणांना अर्थ उरला नाही. दोन्हीकडून कोंडी.

आता हिशोब मांडू. राज्य मंडळाच्या दहावीत प्रत्येक मुख्य विषयाच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे आणि २० शाळेच्या हातातले असतात: तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिक, चाचणी. अकरावी प्रवेशासाठी ‘बेस्ट फाइव्ह’ म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जातात. म्हणजे ५०० पैकी १०० गुण शाळा देते. एका शाळेतले शिक्षक नेटाने परीक्षा घेऊन सरासरी मुलाला २० पैकी १३ देतात आणि दुसऱ्या शाळेत सरसकट १९ दिले जातात, असं धरा. पाच विषयांत ३० गुणांचा फरक पडला, टक्क्यांत सांगायचं तर ६ टक्के. जिथे पाव टक्क्यावर प्रवेश हुकतो, तिथे ६ टक्के म्हणजे वेगळं कॉलेज, वेगळी शाखा, काही वेळा वेगळं शहर. आणि हा फरक मुलांनी काय केलं यावरून पडलेला नाही.

सगळं उत्तीर्ण होण्यापुरतं धरलं तरी चित्र तेच आहे. उत्तीर्ण व्हायला लेखी आणि शाळेचे मिळून ३५ गुण लागतात. शाळेने १९ दिले की लेखीत ८० पैकी १६ पुरतात.

२०१९ मध्ये महाराष्ट्राने यावर एक उपाय करून पाहिला होता. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले शाळेच्या हातातले गुण मंडळाने काढून टाकले. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडाही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण एकाच कारणाच्या माथी मारता येणार नाही. पण विभागवार आकडे पाहिले की काहीतरी लख्ख दिसतं. २०१९ ला कोकण विभागाचा निकाल ८८.३८ टक्के आणि नागपूरचा ६७.२७, म्हणजे अंतर २१ टक्क्यांचं. लगेच ओरड झाली: केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) मुलांना शाळेचे २० गुण मिळतात, आमच्या मुलांना नाहीत, मग आमची मुलं अकरावीला मागे पडणार. ओरड चुकीची नव्हती. त्याच वर्षी हे गुण परत आणले गेले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. कोकण ९८.७७, नागपूर ९३.८४. अंतर ५ टक्के! करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले, त्याचाही यात वाटा असेल. पण एका वर्षात विदर्भातल्या शाळांमध्ये शिकवणं इतकं सुधारलं असं कुणी म्हणू धजणार नाही. विदर्भातल्या मुलांना शिक्षकांची, पुस्तकांची, लक्ष देण्याची किती गरज होती ते २०१९ च्या आकड्याने सांगितलं होतं. २०२० च्या आकड्याने ते झाकून टाकलं. फुगवलेल्या गुणांबद्दलची माझी खरी तक्रार हीच आहे. हुशार मुलावर अन्याय होतो हे आहेच, पण ज्या शाळेला मदतीची सगळ्यात जास्त निकड आहे तिची निकड कागदावर दिसेनाशी होते.

शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. मराठीच्या तोंडी परीक्षेचंच उदाहरण घ्या. एका मुलाकडून उतारा वाचून घ्यायचा, त्यावर दोन प्रश्न विचारायचे, एखाद्या विषयावर चार वाक्यं बोलायला लावायची. मन लावून केलं तर दहा मिनिटं लागतात. वर्गात ६५ मुलं असली तर अकरा तास होतात. त्याच आठवड्यात सराव परीक्षेचे गठ्ठे तपासायचे, मंडळाचे ऑनलाइन तक्ते भरायचे आणि कुठलं ना कुठलं सर्वेक्षण करायचं. शेवटी हजेरीपट समोर ठेवून गुण भरले जातात. आणि समजा एखाद्या सरांनी रात्र रात्र बसून प्रामाणिकपणे तोंडी घेतली, ज्याला वाचता येत नाही त्याला ९ दिले, तर त्यांच्या शाळेचा निकाल शेजारच्या शाळेपेक्षा खाली येतो. चौकात दुसऱ्या शाळेचा ‘१०० टक्के निकाल’ असा फलक लागतो. पुढच्या वर्षी पालक मुलं तिकडे घालतात, पट घसरतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं एक पद जातं. प्रामाणिक शिक्षकाची किंमत त्याचेच विद्यार्थी आणि त्याचेच सहकारी मोजतात. अशा व्यवस्थेत १९ देणारा शिक्षक लबाड असतो असं मी म्हणणार नाही. तो आपल्या मुलांना शेजारच्या शाळेच्या मुलांपेक्षा मागे पडू देत नाही, इतकंच.

२०२१ साली हे सगळं टोकाला गेलेलं आपण पाहिलं. परीक्षाच झाली नाही. दहावीचे १०० गुण असे ठरले: ५० नववीच्या निकालाचे, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे, २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे. सगळे शंभरच्या शंभर शाळेकडून. त्यातली नववी म्हणजे २०१९-२० चं वर्ष, ज्याची दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीने खाऊन टाकली होती. निकाल लागला ९९.९५ टक्के आणि ९५७ मुलांना १०० टक्के गुण मिळाले. या गुणांवर अकरावीचे प्रवेश देणं योग्य नाही हे सरकारलाही कळत होतं, म्हणून २१ ऑगस्टला सामायिक प्रवेश परीक्षा जाहीर झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती १० ऑगस्टला रद्द केली. वेगळ्या मंडळाच्या मुलांना राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर परीक्षा द्यायला लावणं न्यायालयाला अन्यायाचं वाटलं, आणि साथीच्या दिवसांत मुलांना केंद्रावर बोलावणंही. न्यायालयाची कारणं मला समजतात. पण परिणाम असा झाला की लाखो मुलांचे प्रवेश अशा गुणांवर झाले, ज्यांची एकमेकांशी तुलना करता येते असं ते गुण देणारेही छातीठोकपणे सांगू शकले नसते.

केंद्रीय मंडळाने त्याच वर्षी दुसरी वाट धरली. शाळेने गुण द्यायचे, पण शाळेची सरासरी तिच्या मागच्या तीन वर्षांतल्या सर्वोत्तम वर्षाच्या आसपास ठेवायची. वरकरणी हा बंदोबस्त शहाणपणाचा वाटतो, कारण शाळांना गुण उधळता येत नाहीत. पण विचार करा, ज्या शाळेतून गेल्या तीन वर्षांत कुणी चमकलं नाही, त्या शाळेत एखादी विलक्षण मुलगी आली तर? तिच्या अगोदरच्या तीन तुकड्यांनी काय केलं यावर तिच्या आणि तिच्या वर्गाच्या गुणांची कमाल मर्यादा ठरणार. इंग्लंडमध्ये २०२० ला शाळेच्या इतिहासावरून श्रेणी ठरवण्याचं असंच सूत्र वापरलं गेलं. मुलं रस्त्यावर उतरली आणि निकाल लागल्यावर चार दिवसांत सरकारला ते मागे घ्यावं लागलं. शाळा कशी आहे याचं ओझं मुलाच्या गुणपत्रकावर टाकणं मला फुगवलेल्या गुणांहूनही वाईट वाटतं. फुगवलेल्या गुणांत निदान मुलावर विश्वास ठेवलेला असतो.

मग शाळेच्या हातातले गुण काढूनच टाकावेत आणि सगळं एका प्रवेश परीक्षेवर सोडावं, असं म्हणणारे बरेच आहेत. बारावीच्या बाबतीत आपण ते करून बसलो आहोत, आणि त्याचं काय झालं ते मी रोज पाहते. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेन या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. वेगवेगळ्या मंडळांचे गुण पर्सेंटाइलने, म्हणजे आपल्या मंडळातली किती टक्के मुलं मागे आहेत यावरून, एका पातळीवर आणले जायचे. त्या सूत्रावर मंडळामंडळांचे आक्षेप होते, काही रास्तही होते. २०१७ पासून ते वजन गेलं आणि बारावी म्हणजे ओलांडायचा एक उंबरठा उरला. वैद्यकीयला तर ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्याच गुणांवर सगळं. आज विज्ञान शाखेच्या कितीतरी मुलांचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असतं आणि मुलं दिवसभर दुसऱ्या शहरातल्या क्लासमध्ये. याला ‘इंटिग्रेटेड’ असं गोंडस नाव आहे. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तरी वर्ग भरले नाहीत. बारावीत भौतिकशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि प्रयोगशाळेत पाऊल न ठेवलेल्या मुलांनाही ते मिळतात.

प्रवेश परीक्षेचे गुण सगळ्यांसाठी एकाच अर्थाचे असतात, हे मान्य. पण त्यांचा अर्थ फार अरुंद असतो. ठरलेल्या वेळात ठरावीक साच्याचे प्रश्न सोडवता येतात की नाही, एवढंच त्यातून कळतं. मुलाला स्वतःचं म्हणणं परिच्छेदात मांडता येतं का, चुकलेला प्रयोग तो पुन्हा करून बघतो का, वर्षभर नेमाने अभ्यास करतो का, हे फक्त शाळेतले शिक्षकच पाहू शकतात. शिवाय त्या साच्याची तयारी करून घेण्याची फी भरू शकणारं घर आणि न भरू शकणारं घर यांतला फरक शाळेशाळेतल्या फरकापेक्षा कमी नाही. लातूर काय, कोटा काय, तिथे जाऊन राहण्याचा दोन वर्षांचा खर्च शेतमजुराच्या घराला झेपणारा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: शाळेने दिलेले गुण ठेवा, वाढवायचे तर वाढवाही, पण त्यांची तुलना शाळेच्या भिंतीबाहेर करू नका. एकाच शाळेतल्या, एकाच सरांनी तपासलेल्या दोन मुलांमध्ये १७ आणि १३ यांचा फरक खरा असतो. सर हातचे सढळ असोत की आखडते, दोघांसाठी ते सारखेच असतात. दोन वेगवेगळ्या शाळांमधल्या १७ आणि १३ मध्ये मात्र काय सांगितलं आहे ते कुणालाच कळत नाही.

हे मानलं की प्रवेशाची एक वेगळी रीत समोर येते. अमेरिकेतल्या टेक्सस राज्याने १९९७ मध्ये कायदा केला की राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या पहिल्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळेल. श्रीमंत उपनगरातली शाळा असो की मेक्सिकोच्या सीमेवरचं गरीब गाव, आपल्या वर्गात तुम्ही कुठे आहात एवढंच पाहायचं. पुढे ऑस्टिनच्या विद्यापीठात जागा अपुऱ्या पडू लागल्या म्हणून त्या वाटेने येणाऱ्यांवर मर्यादा घालावी लागली, पण तत्त्व टिकलं. महाराष्ट्रात आता अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. प्रत्येक मोठ्या अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयातल्या काही जागा, सुरुवातीला अगदी १० टक्केसुद्धा, जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेतल्या पहिल्या काही मुलांसाठी ठेवता येतील. आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळा, डोंगरातली एक शिक्षक कमी असलेली शाळा, सगळ्या त्यात येतील.

यावर पहिला आक्षेप न्यायालयाचा घेतला जाईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. २००८ मध्ये आपण मंडळामंडळांचे गुण पर्सेंटाइलच्या सूत्राने जुळवून पाहिले, ते टिकलं नाही. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांसाठी राखल्या, मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २०१० चं ‘बेस्ट फाइव्ह’ उच्च न्यायालयात हरलं आणि सर्वोच्च न्यायालयात वाचलं. पण आधीच्या दोन प्रयत्नांत एका मंडळाची मुलं विरुद्ध दुसऱ्या मंडळाची मुलं अशी मांडणी होती. शाळेतल्या क्रमांकाची रीत सगळ्या मंडळांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांना एकसारखी लागू होते. कुणाला वगळत नाही. ती कोर्टात टिकेल अशी हमी मी देऊ शकत नाही, पण ती मांडायला तरी हवी.

दुसरा आक्षेप मी माझ्याच सहकाऱ्यांकडून ऐकते: कमकुवत शाळेतला पहिला आला तरी तो आपल्याकडे टिकेल का? काही मुलांना सुरुवातीला जड जाईल. भिंगाच्या प्रयोगाला दचकलेली ती मुलगी दिवाळीपर्यंत प्रयोगशाळेतून सगळ्यात शेवटी बाहेर पडत होती. वीज गेली तर माझ्या टेबलावरची बॅटरी मागून घ्यायची, पण वाचन अर्धवट सोडायची नाही. तिला लागलं ते एवढंच: उघडं कपाट, आणि पहिल्या महिन्यात इंग्रजी परिभाषा समजावून सांगणारं कुणीतरी. तेवढं देणं कनिष्ठ महाविद्यालयाला अवघड नाही. देत नाही, कारण अशी मुलं आमच्या दारापर्यंत फारशी पोहोचतच नाहीत.

तिसरा आक्षेप असा की पालक मुलांना मुद्दाम कमकुवत शाळेत घालतील. घालू देत, फक्त आठवीपासून सलग हजेरीची अट घाला, म्हणजे केवळ पटावर नाव राहणार नाही. डॉक्टरांची, तहसीलदारांची, आम्हा शिक्षकांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू लागली, तर तिथल्या कपाटाची किल्ली लवकर सापडेल.

हे सगळं होईपर्यंत थांबायची गरज नसलेली एक गोष्ट मंडळ आजही करू शकतं. प्रत्येक शाळेने स्वतःच्या हातातले किती गुण दिले आणि त्याच मुलांनी लेखी परीक्षेत किती मिळवले, हे दोन्ही आकडे मंडळाकडे मुलागणिक आहेत. दोघांच्या सरासऱ्या शेजारी शेजारी मांडल्या की कुठल्या शाळेत गुण सैल सुटतात आणि कुठल्या शाळेत हात आखडतो ते एका पानावर दिसेल. पहिल्या वर्षी जाहीर करू नका, मुख्याध्यापकांना बंद पाकिटात कळवा. दुसऱ्या वर्षी गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. तिसऱ्या वर्षी पालकांसमोर ठेवा, आणि ज्या शाळांमध्ये लेखीचे गुण फार खाली आहेत तिथे आधी रिकामी पदं भरा.

हे आता तातडीने करायला हवं, कारण वारं उलट्या दिशेने वाहू लागलं आहे. शाळेच्या गुणांचं वजन वाढवायचा विचार देशपातळीवर सुरू आहे. एनसीईआरटीच्या ‘परख’ या केंद्राने २०२४ मध्ये मंडळांच्या समकक्षतेवर अहवाल दिला. त्यात बारावीच्या निकालात नववीचे १५, दहावीचे २०, अकरावीचे २५ आणि बारावीचे ४० टक्के धरावेत अशी सूचना आहे. चार वर्षांची मेहनत मोजली जावी, हा हेतू मला मनापासून पटतो. पण नववी आणि अकरावी या पूर्णपणे शाळेच्या ताब्यातल्या इयत्ता आहेत. म्हणजे मुलाच्या अंतिम गुणपत्रकातल्या ४० टक्क्यांचं माप शाळेगणिक बदलणार. आधी दहावीच्या वीस गुणांचा हिशोब उघड्यावर आणा, शाळेतल्या क्रमांकाची वाट चार-पाच जिल्ह्यांत तरी चालवून बघा, आणि मग नववीच्या गुणांना हात घाला.